नाव झाकलेल्या चाली

सुडोकू शिकायला आलेल्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगते, अंदाज करायचा नाही. आडव्या नऊ ओळी, उभ्या नऊ रांगा, नऊ चौकटी, आणि प्रत्येकीत एक ते नऊ हे आकडे एकेकदाच. आकडा इथे बसतो म्हणून लिहायचा नाही. दुसरा कुठलाच बसत नाही, तेव्हा लिहायचा. निम्मी मंडळी एवढ्यावरच वैतागतात. त्यांनी खुशाल रमी खेळावी.

मी हेमलता भोयर. नागपुरातल्या एका तंत्रनिकेतनात इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवत होते. लग्न केलं नाही. आईचं दुखणं काढण्यात आणि पोरांच्या शीट तपासण्यात ते राहून गेलं, आणि राहिलं त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर टॅबलेटवर ‘नऊघर’ नावाचं सुडोकूचं अ‍ॅप सापडलं आणि माझे दिवस मजेत जाऊ लागले.

नऊघरवर कोडं सोडवलं की त्याची ‘चाल’ तयार होते. तुम्ही पहिलं बोट कुठे ठेवलं, कुठे थबकलात, घरांच्या कोपऱ्यात कोणते कच्चे आकडे लिहिलेत, काय खोडलंत, हे सगळं जसंच्या तसं पुन्हा चालवून बघता येतं. ग्रुपवर नुसतं उत्तर टाकलं तर कोणी ढुंकून बघत नाही. चाल टाकायची. मग बाकीचे ती बघतात, वाहवा करतात, नाही तर यथेच्छ टोमणे मारतात. आमचा नागपूरचा ग्रुप बहुतेक निवृत्तांचा, त्यामुळे टोमण्यांना तोटा नव्हता.

शिकवायची खोड काही जात नाही. तंत्रनिकेतनात माझी एक पद्धत होती. एखाद्या पोराची शीट चुकली की नावाच्या जागी कागद चिकटवून मी ती बोर्डावर लावायची. बरोबर ड्रॉइंग बघून कोणी शिकत नाही. चुकलेलं बघितलं की सगळे शहाणे होतात, आणि ज्याचं चुकलं त्याची अब्रूही राहते. ग्रुपवर मी तेच सुरू केलं. स्वतःच मुद्दाम चुकत, अडखळत कोडी सोडवायची आणि ‘चूक शोधा’ म्हणून माझ्या नावाने टाकायची. लोकांना ते फार आवडलं.

त्या ग्रुपमध्येच दिवाकर नाकाडे आले. मूळचे गोंदियाकडचे, वनखात्यातून रेंज ऑफिसर म्हणून निवृत्त, पत्नी दीर्घ आजारात गेलेली. ग्रुपवर रोज नमस्कार करायचे, पण चाल कधी टाकायचे नाहीत. मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं तर दुसऱ्या दिवशी थेट घरी आले.

“मॅडम, ग्रुपमध्ये माझ्या हाताखालचे दोन फॉरेस्ट गार्ड आहेत,” ते म्हणाले. “साहेब चौथ्या ओळीत अडकले, असं ते गावभर करतील नं. तुम्ही मला इथंच शिकवा. तुमच्याच टॅबलेटवर.”

असा अहंकार बघून मला हसू आलं आणि माणूस आवडला. दर गुरुवारी दुपारी ते येऊ लागले. माझ्या खात्यावर, माझ्या टॅबलेटवर कोडं सोडवायचे आणि मी चहा करता करता ओरडायची. त्यांच्या चुका इतक्या सुरेख असायच्या की मला राहवलं नाही. बोर्डाची सवयच ती. माझ्या नाटकी चुकांबरोबर त्यांच्या खऱ्या चुकांच्या चालीही मी ‘चूक शोधा’त टाकू लागले. नाव माझंच. त्यांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, म्हणाले, “म्हणजे माझ्या चुकांचा मार तुम्ही खाऊन राहिल्या तर!”

पहिल्या वर्षी ते झपाट्याने शिकले. दुसऱ्या वर्षी पुन्हा अडखळू लागले. मला वाटलं, अवघड कोड्यांना हात घालताहेत, म्हणून वेळ लागतोय. खरं सांगायचं तर वेळ लागत होता ते मला हवंच होतं. गुरुवारची दुपार लांबत संध्याकाळ व्हायची आणि मी त्यांना जेवायलाच थांबवून घ्यायची.

एका गुरुवारी कोड्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “मॅडम, या वयात आपण लग्न केलं तर लोक काय म्हणतील?”

“आधी सहाव्या ओळीतला तीन लिहा,” मी म्हटलं. “मग लोकांचं बघू.”

त्यांनी तीन लिहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडून उभी राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

त्याच सुमारास चालींवरून मेंदूची पारख करणारी ‘चालपारख’ निघाली.

तिच्यामागचं विज्ञान अवघड नाही. कोडं सोडवताना मेंदू नुकतंच पाहिलेलं हाताशी धरून ठेवतो. स्वयंपाकाच्या ओट्यावर मावेल तेवढंच सामान आपण काढून ठेवतो ना, तसं. चौथी ओळ तपासली, तिथे काही मिळालं नाही, तर धडधाकट मेंदू कुठेतरी नवा आकडा लिहिल्याशिवाय त्या ओळीत परत जात नाही. पण ज्या मेंदूत विसरण्याच्या आजाराने मूळ धरलं आहे, तो जातो. नवीन काहीही घडलेलं नसताना बोट पुन्हा चौथ्या ओळीत येतं, कारण तिथे जाऊन आल्याचंच ओट्यावरून पडून गेलेलं असतं. नावं, चेहरे, रस्ते विसरण्याच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू होतं. घरातल्या माणसांना त्याचा पत्ता लागत नाही, त्या माणसाला तर नाहीच. यंत्राला लाखो चाली आणि त्या माणसांचे पुढचे आजार यांची सांगड घालायला दिली आणि त्याने हे परत जाणं हेरलं. मंदपणा त्यात धरत नाहीत, वयाने सगळेच मंदावतात. फक्त परत जाणं मोजतात.

शोध चांगलाच होता. आजार लवकर कळला तर आता औषधाने तो बराच काळ रोखता येतो. पण चाली सगळ्या उघड्यावर पडलेल्या, कोणीही कोणाचीही चाल यंत्रात घालून बघावी, अशी सोय. मग व्हायचं तेच झालं. विमावाले चाली मागू लागले. आमच्या शेजारच्या सोसायटीत सेक्रेटरीच्या जुन्या चाली कोणीतरी तपासल्या आणि बिचाऱ्याला राजीनामा द्यायला लावला. ज्येष्ठांच्या वधूवर मंडळात पत्रिकेआधी पारख विचारू लागले. हुशार लोक नातवंडांकडून कोडी सोडवून घेऊन स्वतःच्या नावाने टाकू लागले. आमच्या ग्रुपवर नमस्कारांखेरीज काही येईना.

नाकाडेंची मुलगी समीक्षा बंगलोरला असते. आमच्या लग्नाला तिने आनंदाने होकार दिला होता. पंधरवड्यावर नोंदणी आली असताना ती एकटीच माझ्याकडे आली, चहा नको म्हणाली, आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवला.

“काकू, रागावू नका. तुमच्या चाली मी पारखून पाहिल्या. ह्या वर्षभरात खूप वाईट येऊन राहिल्या.”

मी मोठ्यांदा हसले. “अगं, ते नाटक आहे! मुद्दाम चुकते मी. अख्ख्या ग्रुपला विचार.”

“नाटक ते ओळखतं, काकू.” तिने माझ्या चालींची यादी उघडली. “मुद्दाम चुकणारा माणूस ठरवून थांबतो, आणि चूक करायच्या आधी बरोबर घर बघून घेतो. तशा चाली त्यानं बाजूला काढल्या आहेत. ह्या बघा. त्यात तुम्ही एकदम ठणठणीत. पण ह्या बाकीच्या नाटकातल्या नाहीत.”

मग ती रडू लागली. आईच्या आजारपणात बाबांनी उष्टं-खरकटं, औषधपाणी, सगळं स्वतः केलं होतं, रात्रीची झोप त्यांना माहीत नव्हती, आता पुन्हा तेच त्यांच्या वाट्याला आलं तर ते संपतील, असं ती म्हणत होती. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, फक्त रडले नसते.

“बाबांच्या चाली पाहिल्यास?” मी विचारलं.

“त्यांनी कधी टाकल्याच कुठं?”

मी दुसऱ्याच दिवशी मेंदू तपासणी केंद्रात गेले. डॉक्टर फरहाना म्हणून तरुण बाई होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी समोर बसवून कोड्यांवर कोडी सोडवून घेतली, स्कॅन काढला, आणखी काय काय केलं. मग खुर्ची सरकवून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

“मॅडम, तुमच्या वयाला इतका साफ निकाल मी क्वचित पाहते,” त्या म्हणाल्या. “त्या वाईट चाली तुमच्या नाहीतच. बोट ठेवायची पद्धत वेगळी, दाब वेगळा. दुसऱ्या कोणाचा तरी हात आहे. तुमच्या टॅबलेटवर आणखी कोण सोडवतं?”

माझ्या घरी नाकाडेंखेरीज येतं कोण?

“जो कोणी असेल,” त्या जरा थांबून म्हणाल्या, “त्याला माझ्याकडे लवकर आणा. उशीर झाला तर औषधाचा उपयोग होत नाही.”

रिक्षात बसल्या बसल्या मी हिशेब मांडला. मला निर्दोष ठरवणं एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य बोलल्याबरोबर समीक्षा वडिलांना बंगलोरला घेऊन जाणार होती. न बोलावं तर लग्न मोडणार होतं माझ्यामुळे, आणि नाकाडे औषधाविना इथे बसून राहणार होते. दोन्हीकडून माझंच घर रिकामं होत होतं. मग मी ठरवलं की आधी त्यांना सांगायचं. आजार त्यांचा आहे, तर बोलायचा पहिला हक्कही त्यांचाच.

गुरुवारी ते आले. मी कोडं पुढे ठेवलं आणि या वेळी स्वयंपाकघरात गेले नाही. शेजारी बसून त्यांचं बोट बघत राहिले. उजवीकडची उभी रांग तपासली. मग वरची चौकट. मग पुन्हा उजवीकडची रांग. काही लिहिलं नाही. पुन्हा वरची चौकट, पुन्हा तीच रांग, आणि प्रत्येक वेळी चेहऱ्यावर नव्याने काही शोधत असल्याची उत्सुकता. वर्षभर हे माझ्या घरात चाललं होतं आणि मी आत कणीक मळत होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. समीक्षाचं, डॉक्टरांचं, चालींचं. एक शब्द झाकला नाही.

त्यांनी टॅबलेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, “जंगलात नवीन गार्ड चुकला नं, मॅडम, की तो गोल फिरतो. त्याला वाटते आपण सरळच चालून राहिलो. मी कितीदा तरी असे पोरं शोधून आणले आहेत.”

“नाकाडे, औषध आहे. लवकर कळलंय.”

“होय नं.” त्यांनी माझा हात हातात घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. “समीक्षाला तुम्ही काही सांगू नका. तुमच्यावर बालंट माझ्यामुळं आलं, तर मीच तिला सांगतो. रविवारी तुमच्याकडंच येऊन राहिली नं ती? तेव्हा सांगतो. मग पुढचं आपण तिघं मिळून ठरवू.”

“नक्की सांगाल?”

“मॅडम, शब्द दिला.”

ते गेल्यावर मी वेड्यासारखी आशा करत बसले. बंगलोरला गेले तर मीही जाईन. तिथेही चहा मिळतो, तिथेही गुरुवार असतोच. कोणी तरी माझ्यासाठी खरं सांगून, स्वतःवर घेऊन, माझी बाजू मांडणार होतं, याचंच मला अप्रूप वाटत होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची नावं झाकत आले होते.

रविवारी मी कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या. दोघं आले. समीक्षा माझ्याशी जपून बोलत होती, आजाऱ्याशी बोलतात तशी. मी ते सहन केलं, आता थोड्याच वेळाचा प्रश्न होता. चहा ओतला. नाकाडेंनी घसा साफ केला.

“समीक्षा, मला एक सांगायचं आहे.”

मी कपबशी खाली ठेवली.

“मॅडमच्या तब्येतीचं मला माहीत झालं आहे. तुला भीती वाटून राहिली, ते मी समजू शकतो. पण आजारी माणसाला सोडून जाणारा मी नाही. मी लग्न करीन यांच्याशी.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. चेहरा स्वच्छ होता. डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

“बाबा, नका नं असं करू,” समीक्षा म्हणाली. “आईच्या वेळी तुमचे काय हाल झाले ते मी पाह्यले आहेत. तुम्हीही पडले तर मी कोणाकोणाला पाहू?”

बराच वेळ असं चाललं. मी मध्ये बोलले नाही. त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळायची संधी अजून होती, असं मी धरून बसले होते. दुसरा चहा होईपर्यंत त्यांचा आवाज खाली आला. मग म्हणाले की बरं, काही दिवस बंगलोरला जाऊन येतो, मग बघू. समीक्षाने सुटकेचा श्वास सोडला.

“नाकाडे,” मी म्हटलं, “गुरुवारी आपलं काय बोलणं झालं होतं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग समीक्षाकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

“गुरुवारी? गुरुवारी तर आपण कोडं सोडवलं नं, मॅडम.” ते अगदी हळू, प्रत्येक शब्द सुटा करून बोलले. “काहून? तुम्हाला आठवत नाही का?”

समीक्षाने खाली मान घातली. ते उठले, माझ्या हातावर थोपटलं आणि जरा मोठ्या आवाजात म्हणाले, “जेवण वेळेवर घेत जा. गॅस बंद केला का, ते दोनदा पाहत जा.” आणि गाडी काढायला खाली गेले.

समीक्षा पर्स उचलत होती. मी दार लोटून घेतलं.

“खाली बस. त्या चाली तुझ्या बाबांच्या आहेत.”

तिचा चेहरा लाल झाला. “आता तुम्ही बाबांवर ढकलून राहिल्या? ते तुमच्यासाठी इतकं बोलले, आणि तुम्ही...”

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी डॉक्टर फरहानांना फोन लावला, माझ्याबद्दल हिला सगळं सांगा म्हटलं, आणि फोन तिच्या हातात दिला. ती ऐकत राहिली. मध्येच खुर्चीत बसली. मग फोन ठेवला.

“आमचं लग्न वगैरे ते राहू दे,” मी म्हटलं. “उद्याच्या उद्या या डॉक्टरांकडे घेऊन जा त्यांना. बंगलोरला गेल्यावर बघू म्हणशील तर उशीर होईल.”

“काकू, मघाशी त्यांच्यासमोर काहून नाही बोलल्या तुम्ही?”

“ते स्वतः सांगणार होते. गुरुवारी मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी तसा शब्द दिला होता.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काय आलं ते मला दिसत होतं, कारण माझ्याही डोक्यात दुसरं काही नव्हतं.

“म्हणजे ते विसरले?” तिने विचारलं. “का विसरल्यासारखं केलं?”

“विसरले,” मी म्हटलं. फार पटकन म्हटलं. तिलाही ते कळलं असावं.

ती गेली. मी गॅलरीत येऊन उभी राहिले. खाली तिने त्यांच्याकडून गाडीची किल्ली मागितली. त्यांनी थोडी हुज्जत घातली, मग दिली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. वर पाहिलं नाही.

विसरले असतील तर आजार पुढे गेलेला आहे, आणि पुढच्या काही वर्षांत मला, समीक्षाला, स्वतःलाही विसरतील. आठवत असेल तर आजार अजून कोवळा आहे, आणि मला स्वतःच्या नावावर चिकटवायचा कागद करून निघून गेलेत. ज्या माणसावर मी या वयात जीव लावला, त्याचा आजार चांगला पसरलेला असू दे, असं मी गाडी वळणाआड जाईपर्यंत मनापासून मागत होते.